निशाणी एकोणीस

बाबा सुटले असं सगळ्या पाड्याला वाटत होतं. कोर्टातून माणूस घरी आला म्हणजे सुटलाच की. आईने गावदेवीपुढे साखर ठेवली. बाबांनी कोर्टाने दिलेले कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून भाताच्या कणगीत खोचले आणि दुसऱ्या दिवसापासून वालाच्या शेताला काटेरी कुंपण घालायला लागले. एकवीस दिवस ते कागद कणगीत होते.

बाविसाव्या दिवशी मी ते बाहेर काढले. कागदांसाठी नाही, मला ती पिशवी हवी होती. वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात माझा पहिला नंबर आला होता, नववीत असून दहावीच्या पोरांना मागे टाकून, आणि प्रमाणपत्र चुरगळायला नको होतं. तेव्हापासून समोर काही छापलेलं दिसलं की मी ते मोठ्याने वाचायचे. बिस्किटाचा पुडासुद्धा. तसंच ते निकालपत्रही चुलीपाशी उभी राहून, हात हलवत वाचायला लागले.

"आरोपी काळूराम यास भारतीय दंड संहितेच्या कलम ३२६ अन्वये दोषी ठरवण्यात येत असून दोन वर्षे सक्तमजुरीची शिक्षा..."

आई भाकरी थापत होती. तिचा हात परातीत थांबला.

"कुणाचं वाचतेस गो?"

"बाबांचं."

"ते तर सुटले."

मी पुढचं वाचलं. या वेळी हात हलवले नाहीत. "अपील दाखल करण्याकरिता सदर शिक्षेस तीस दिवस स्थगिती देण्यात येते. मुदतीत वरिष्ठ न्यायालयाचा आदेश न आणल्यास आरोपीने शिक्षा भोगण्यासाठी हजर व्हावे."

तव्यावरची भाकरी करपली. आम्ही दोघी तिच्याकडे बघत होतो, पण काढली कुणीच नाही.

बाबा दुपारी आले तेव्हा मी त्यांना सगळं परत वाचून दाखवलं. ते चौथी शिकलेले, सही करतात, पण कोर्टाचं मराठी म्हणजे त्यांना परदेशच.

"सायब 'जा' बोलले," बाबा म्हणाले. "जा म्हंजे जा ना?"

"तीस दिवसांपुरतं जा."

"आणि आज कितवा?"

"बाविसावा."

"आवो, वकील काय बोलला नाय तुमाला?" आईने विचारलं.

"बोलला असंल. मी सगळ्यांच्या पाया पडत होतो."

मला हसू आलं, पण लगेच मी बोटांवर दिवस मोजले. आठ दिवस राहिले होते.

काय झालं होतं ते सांगते, कारण मी तिथे होते. फेब्रुवारी २००२, मी सहावीत. राबासाठी टहाळ तोडायचे दिवस. झाडाच्या फांद्या, पाला, शेण वाफ्यावर पसरून उन्हाळ्यात भाजायचं, मग त्या राखेत भाताचं रोप चांगलं येतं, त्यालाच राब म्हणतात. आमच्या आणि शेजारच्या लडकूकाकांच्या शेतांमधल्या बांधावर एक ऐनाचं झाड आहे. टहाळ कुणाचा, यावरून दरवर्षी बोलाचाली व्हायची. त्या दिवशी बाबा ऐनावरून उतरले, कोयता कमरेमागच्या लाकडी आकडीत अडकवला आणि चालायला लागले. लडकूकाका ओरडत आले आणि त्यांनी तो कोयताच धरून ओढला. धरला तो पात्याच्या बाजूने. बाबा वळले आणि पातं लडकूकाकांच्या मुठीतून सरकलं. रक्त आमच्या शेतात पडलं. बाबांनीच आपला पंचा त्यांच्या हाताला गुंडाळला आणि त्यांना सडकेपर्यंत धरून नेलं.

दोन बोटांच्या शिरा तुटल्या. ती बोटं पुन्हा मिटली नाहीत. दवाखान्यात कुणीतरी त्यांच्या कानाशी लागलं, आणि तिसऱ्या दिवशी तक्रार झाली, की काळूरामने रागाने कोयता मारला. बाबांनी मला साक्षीला नेलं नाही. "पोरीला कोर्टात नाय उभी करायची," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मात्र मी त्यांच्याआधी चप्पल घालून तयार होते. सापगावच्या पुढे मुरबाड रस्त्याला आमचा पाडा. मुरबाडला एस.टी. बदलून आम्ही तिघं कल्याणला गेलो. कमळाकर वकील नवे, मूळचे मुरबाडकडचे, बाबांच्या मामाच्या ओळखीचे. त्यांच्या टेबलावर फायलींचा एवढा ढीग होता की ते ढिगाच्या वरून बोलायचे.

त्यांनी निकालपत्र वाचलं, तारीख बघितली, आणि बाबांकडे असं बघितलं की बाबांनी खुर्चीवरून उठायची तयारी केली.

"बसा. अजून सात दिवस आहेत. अपील आणि शिक्षा थांबवायचा अर्ज, दोन्ही एकदम टाकू."

"आणि वरच्यांनी शिक्षा वाढवली तर?" आईने विचारलं.

"आपल्या अपिलात वाढत नाही. सरकारने वेगळं अपील केलं तर गोष्ट निराळी. केलेलं नाही."

माझी वेळ आली असं मला वाटलं. मी उभी राहिले. "सर, मी सगळं डोळ्यांनी बघितलंय. मी जजसाहेबांना सांगते. मला भीती वाटत नाही, मी तालुक्यात वक्तृत्वात पहिली आलेय."

"वा," कमळाकर वकील म्हणाले. "मग आता गप्प बसायला शिक."

मी बसले. कान तापले होते.

"ऐक, बाळ. अपिलात नवी साक्ष घेत नाहीत. कायद्यात सोय आहे, पण क्वचित. तू त्याची मुलगी, इतके दिवस कुठे होतीस, हे पहिलं विचारतील. खालच्या कोर्टात साक्षीदार जे बोलले आणि जे कागदावर आलं, तेच वरचं कोर्ट पुन्हा वाचतं. खालच्यांनी नीट वाचलं का, कायदा नीट लावला का, हे बघतं. भात पुन्हा लावत नाहीत. खळ्यात आलेलं पुन्हा पाखडतात."

"मग खळ्यात काय आलंय?" बाबांनी विचारलं.

वकिलांनी चष्मा वर केला. "डॉक्टर बरा बोललाय. पातं मुठीत धरून ओढलं तरी अशी जखम होऊ शकते, म्हणाला. पण तुम्ही गावदेवीपुढे नारळ ठेवून सगळ्यांसमोर काय म्हणालात?"

"माझ्याकडनं झालं, म्हणालो."

"का म्हणालात?"

बाबांना प्रश्नच कळला नाही. "म्हणजे? म्हणावं लागतं."

"त्याला खालच्या कोर्टाने कबुली म्हटलंय. आरोपीने ग्रामस्थांसमोर स्वतःहून दिलेली कबुली. डॉक्टर एका बाजूला आणि हा नारळ एका बाजूला. नारळच भारी पडला."

शिक्षा थांबवायचा आदेश एकोणतिसाव्या दिवशी मिळाला. मधले तीन दिवस न्यायाधीश रजेवर होत्या. त्या तीन दिवसांत आईने बाबांची पिशवी भरली: दोन लेंगे, दोन सदरे, पंचा, कडुनिंबाच्या काड्या. आदेश आला तरी तिने पिशवी रिकामी केली नाही. ती भरलेलीच खुंटीला राहिली, वर्षभर.

वर्षभर, कारण अपील दाखल झालं म्हणजे लगेच सुनावणी होते असं नाही. खालच्या कोर्टाचे सगळे कागद वर मागवतात, मग नंबर लागेपर्यंत तारखा पडतात. त्या तारखांना बाबा पिशवी घेऊन जायचे आणि संध्याकाळी परत यायचे, आणि पिशवी परत खुंटीला. लडकूकाकांची हिरी माझ्याच वर्गात होती. पूर्वी एका बाकावर बसायचो. आता ती पुढच्या बाकावर बसायची आणि मैत्रिणीला सांगायची, मला ऐकू जाईल असं, "काही लोकांचे बाबा पिशवी घेऊन फिरायला जातात." तालुक्यात पहिली आलेली मुलगी आणि एक शब्द सुचला नाही. तिच्या घरी जेवताना तिचे बाबा डाव्या हाताने घास घेतात, हे मला माहीत होतं.

सुनावणी जानेवारी २००६ च्या शेवटच्या आठवड्यात लागली. त्याआधी पंधरा दिवस कमळाकर वकिलांनी आम्हाला बोलावलं.

"एक मार्ग सोपा आहे," ते म्हणाले. "दोष मान्य, फक्त शिक्षा कमी करा. पहिलाच गुन्हा, शेजारी, शेतातली बोलाचाली. कलम हलकं केलं तर चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडूही शकतील. तुरुंग टळेल."

"आणि दोष?" आईने विचारलं.

"दोष राहील. तो कागदावर कायमचा."

"दोन्ही मागता येत नाय? सोडा, नायतर कमी करा?"

"येतं. पण एकाच तोंडाने मी केलं नाही म्हणायचं आणि दया करा म्हणायचं, की पहिलं पातळ होतं. तुम्ही ठरवा. नारळाला उत्तर नसेल तर मी सोपाच मार्ग सुचवेन."

बाबा टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिले. "मग सोपाच," ते शेवटी म्हणाले.

मला ते सहन झालं नाही, पण या वेळी मी भाषण केलं नाही. मी विचारलं, "सर, साक्षीदार जे बोलले ते कागद तुमच्याकडे आहेत? ते घरी नेऊ?"

नकला मिळाल्याच होत्या. त्यांनी वरवर चाळल्या होत्या, खालच्या कोर्टातलं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेलं खळं. "ने. पण पान हरवलंस तर तुझ्यावरच केस टाकेन."

दहावीचा अभ्यास सोडून मी आठ दिवस ते वाचलं. शाळा सुटली की बांधावर ऐनाखाली बसून, कारण घरात आई प्रत्येक ओळीला "काय लिवलंय?" विचारायची. प्रत्येक साक्षीला एक निशाणी, म्हणजे नंबर. निशाणी बारा लडकूकाका. निशाणी पंधरा डॉक्टर. निशाणी एकोणीस सकुबाई.

सकुबाई म्हणजे आमची सकुआजी, गावदेवीची दिवाबत्ती करते. सरकारने तिला बोलावलं होतं, बाबा नारळ ठेवून काय बोलले ते सांगायला. तिने सांगितलं. ते पहिल्या पाच परिच्छेदांत होतं आणि निकालपत्रात तेवढंच घेतलं होतं. सहावा परिच्छेद तिची उलटतपासणी. बाबांच्या आधीच्या वकिलाने शेवटी सहज विचारल्यासारखं विचारलं असणार. शाई पुसट झाली होती. मी कागद उन्हात धरला.

"हे म्हणणे खरे आहे की, आमच्या पाड्यात कोणाच्याही शेतात रक्त पडले की शेताचा मालक देवीपुढे नारळ ठेवून 'माझ्याकडून झाले' असे म्हणतो. मग ते कोणामुळेही पडलेले असो. माझ्या मुलाच्या शेतात म्हशीने गुराख्याला शिंग मारले, तेव्हा माझ्या मुलानेही तसेच म्हटले होते. तसे म्हटल्याशिवाय त्या शेतात राब भाजत नाहीत."

मी तीन वेळा वाचलं. मग बांधावरून धावत सुटले. बाबा वालाच्या शेंगा काढत होते.

"बाबा, सकुआजी कोर्टात म्हशीचं बोलली होती?"

"बोलली ना. सगळे हसलेले तिथे."

"मग तुम्ही सांगितलं का नाही वकिलांना?"

"त्यात काय सांगायचं? ते तर सगळ्यांना माहीत असतं."

तेवढंच. आमच्या पाड्यात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून ते कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. कोर्टातल्या कागदावर होतं आणि कोर्टाला माहीत नव्हतं.

कमळाकर वकिलांनी परिच्छेद सहा उभ्या उभ्या वाचला. मग बसले. मग परत वाचला. "सोपा मार्ग राहू द्या," ते म्हणाले. त्या पानावर खूण म्हणून मी माझ्या शाळेच्या लाल रिबिनीचा तुकडा लावला.

सुनावणीच्या दिवशी आईने खुंटीवरची पिशवी बाबांच्या खांद्याला दिली. अपील फेटाळलं तर तिथूनच पोलीस घेऊन जातात. कोर्टात मागच्या बाकावर लडकूकाका बसले होते. तक्रारदाराला यावंच लागतं असं नाही, पण ते आले होते, उजवा हात मांडीवर उपडा ठेवून.

सरकारी वकील कमी बोलले आणि चांगलं बोलले. "माणूस स्वतः गावासमोर म्हणतो, माझ्याकडून झालं. आणखी काय पुरावा हवा?"

न्यायाधीश मॅडमनी कमळाकर वकिलांकडे बघितलं. "याचं काय?"

"मॅडम, ती कबुली नाही. ती त्या पाड्याची चाल आहे, आणि हे सरकारच्याच साक्षीदाराने सांगितलंय. खालच्या निकालात त्याचा उल्लेखच नाही."

"कुठे सांगितलंय?"

वकिलांनी फाईल उघडली. रिबीन नव्हती. पडली होती, की कुणी फाईल हाताळताना निघाली होती, देव जाणे. ते पानं उलटायला लागले. मागे, पुढे. मॅडमनी पेन खाली ठेवलं. निशाणी एकोणीस, परिच्छेद सहा, माझ्या जिभेच्या टोकावर होतं. मी अर्धी उठले. आईने माझी ओढणी धरून मला खाली बसवलं. मी दोन्ही हात वर केले आणि बोटं दाखवली, दहा, मग नऊ.

"ती मुलगी कोण?" मॅडमनी विचारलं.

कमळाकर वकील वळले. "अपीलकर्त्याची मुलगी, मॅडम."

"शाळा नाही का आज?"

मी मान हलवली. आहे म्हणून हलवली की नाही म्हणून, मला आजही सांगता येणार नाही.

"एकोणीस," वकील म्हणाले. "निशाणी एकोणीस, मॅडम. परिच्छेद सहा."

मॅडमनी समोरच्या मूळ कागदांतून पान काढलं आणि मनात वाचलं. बराच वेळ. मग त्यांनी सरकारी वकिलांना विचारलं, "ही म्हैस कुठल्या कलमाखाली घ्यायची?"

कुणी हसलं नाही. त्यांनी निकाल अकरा दिवसांवर ठेवला.

त्या अकरा दिवसांत बाबांनी अंगणाकडची पडवी शाकारली, जळण फोडून रचलं, बैलाची वेसण बदलली. दोन वर्षं पुरतील अशी कामं करत होते. आई बघत होती.

निकालाच्या दिवशी आमच्या आधी दुसरं एक अपील होतं. निळ्या सदऱ्याचा एक माणूस उभा राहिला. मॅडमनी वाचलं, "अपील फेटाळण्यात येत आहे." बस्स. पोलिसाने त्याच्या दंडाला हात लावला आणि तो निघाला. त्याची बायको उठून उभी राहिली आणि तशीच उभी राहिली, कारण पुढे काय करायचं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. तोच पोलीस दारापाशी परत येऊन उभा राहिला. बाबांनी पिशवीचा बंद मनगटाभोवती गुंडाळला.

"काळूराम कोण?"

बाबा उभे राहिले.

"डॉक्टरांच्या साक्षीवरून जखम दोन प्रकारे होऊ शकते. कथित कबुली ही त्या गावच्या प्रथेचा भाग असल्याचे सरकार पक्षाच्याच साक्षीदाराने सांगितले आहे, व खालील न्यायालयाने ती बाब विचारात घेतलेली नाही. संशयाचा फायदा आरोपीस मिळणे आवश्यक आहे." मॅडमनी पान उलटलं. "अपील मंजूर. दोषसिद्धी व शिक्षा रद्द. आरोपीची निर्दोष मुक्तता."

बाबा हलले नाहीत. कमळाकर वकिलांनी त्यांच्या पाठीला हात लावला. "चला. जा आता घरी."

"जा म्हंजे," बाबांनी विचारलं, "किती दिवसांपुरतं?"

वकील हसायला लागले, मग बाबांचा चेहरा बघून थांबले. "सरकारला वाटलं तर हायकोर्टात जाता येतं. जातील असं वाटत नाही. तुम्ही मात्र जा म्हणजे जा."

मुरबाडहून सुटणारी एस.टी. अर्धी रिकामी होती. आम्ही बसलो, आणि सुटता सुटता लडकूकाका चढले. आम्हाला बघून ते क्षणभर पायरीवरच थांबले, पण पुढची गाडी दोन तासांनी होती. आमच्या पुढच्या सीटवर बसले. डाव्या हाताने दांडी धरून.

पिशवी बाबांच्या मांडीवर होती.

"अक्षे," बाबा म्हणाले. "तुला कोर्टात बोलू दिलं असतं तर काय बोलली असतीस?"

"आता कशाला?" आई पुटपुटली.

"ऐकू दे. चार सालं पोटात ठेवून हाय ती."

समोर लडकूकाकांची मान होती, पांढरे केस, सदऱ्याची उसवलेली शिवण. स्पर्धेत मी परीक्षकांकडे बघून बोलायचे. आता मी त्या मानेकडे बघून बोलले. हात हलवले नाहीत, आवाज चढवला नाही.

"बाबा ऐनावरून उतरले. कोयता त्यांनी मागे आकडीत अडकवला. ते घराकडे चालायला लागले होते. लडकूकाका ओरडत आले. त्यांनी मागून कोयता धरला आणि ओढला. पातं त्यांच्या मुठीत होतं. बाबा वळले तेव्हा ते सरकलं. बाबांनी हात उगारला नाही. मी दहा पावलांवर होते."

कंडक्टर तिकिटं द्यायचा थांबला होता. पलीकडच्या बाईने पोराला गप्प केलं.

लडकूकाका वळले नाहीत. एस.टी. दोन वळणं गेली. मग त्यांनी उजवा हात वर घेतला, समोर धरला आणि त्याच्याकडे बघत म्हणाले,

"मागनं नाय गो. बाजूनं धरला होता."

बाबांनी पिशवी मांडीवरून खाली, पायांशी ठेवली.